‘व्हय’ म्हणणारी बाई

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



दुपारची भांडी आटोपून कुणी भाजी निवडत असेल, कुणी पापड लाटत असेल, कुणी नातवाला मांडीवर घेऊन रेडिओजवळ बसली असेल. हातातलं काम सोडू नका. आजची गोष्ट हात चालू ठेवून ऐकता येईल अशीच आहे.

आम्ही पनवेल तालुक्यात बचत गटांचं काम करतो. नवा गट बांधायचा असला की पहिल्या बैठकीत सतरंजी पसरतो, गोल करून बसतो आणि म्हणतो, चला, आधी एकमेकींची ओळख करून घेऊ. मग ओळख सुरू होते. “मी अमक्याची आई.” “मी वरच्या आळीतल्या पाटलांची सून.” “मी यांच्या शेजारची.” बारा बायकांची ओळख होते आणि बारांपैकी एकीचंही नाव आम्हाला कळलेलं नसतं. नाव कळतं ते बँकेचा अर्ज भरताना, कारण तिथे नावाचा रकाना असतो. कितीतरी जणींनी आम्हाला सांगितलंय की लग्न झाल्यापासून त्यांचं नाव मोठ्याने कुणी घेतलंच नव्हतं. गटाच्या हजेरीत ते पहिल्यांदा पुकारलं गेलं आणि ‘हजर’ म्हणताना आवाज फुटेना.

ही गोष्ट साधी दिसते, पण तिच्यावर एका बाईने कित्येक वर्षं काम केलं आहे. त्या बाईचं नाव सुषमा देशपांडे. त्या नाटक लिहितात, बसवतात आणि स्वतः उभ्या राहून करतात. आज त्यांची आणि त्यांच्या कामाची ओळख करून द्यायची आहे. नाटकाशी आपला काय संबंध, असं वाटत असेल तर थोडं थांबा. संबंध आहे, आणि तो आपल्या ग्रामसभेपर्यंत जातो.

सुषमाताई आधी पत्रकारिता करत होत्या. पत्रकाराचं काम म्हणजे लोकांना भेटायचं, विचारायचं, ऐकायचं आणि लिहायचं. सावित्रीबाई फुल्यांचं आयुष्य त्यांच्या हाती लागलं आणि त्यांनी ते नाटकात मांडायचं ठरवलं. आज आपल्याला सावित्रीबाई ठाऊक आहेत. ३ जानेवारीला शाळेत मुली लुगडी नेसून, कपाळावर आडवी चिरी लावून येतात. २०१४ साली पुण्याच्या विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं गेलं. पण पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी असं नव्हतं. जोतिरावांचं नाव घेतलं जायचं आणि त्यांच्या मागे ‘त्यांच्या पत्नी’ एवढंच यायचं. म्हणजे सावित्रीबाईंची ओळखसुद्धा आपल्या पहिल्या बैठकीतल्यासारखीच होती. अमक्यांच्या घरची!

१९८९ साली सुषमाताईंनी नाटक आणलं. नाव होतं ‘व्हय, मी सावित्रीबाई’. लिहिलं त्यांनी, बसवलं त्यांनी आणि रंगमंचावर उभ्या राहिल्या त्याही एकट्याच. पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, जोतिरावांना जाऊन शंभर वर्षं पूर्ण झाली, जागोजागी कार्यक्रम झाले. पण त्याआधीच एक बाई लोकांसमोर येऊन सांगू लागली होती की ऐका, या गोष्टीत मीही आहे.

या नाटकात सावित्रीबाई स्वतः बोलतात. समोर बसलेल्या लोकांशी, घरी आलेल्या पाहुण्यांशी बोलावं तसं बोलतात. सातारा जिल्ह्यातल्या नायगावात ३ जानेवारी १८३१ ला जन्म. १८४० साली लग्न, तेव्हा सावित्री नऊ वर्षांची आणि जोतिराव तेरा वर्षांचे. नवऱ्याने तिला घरी शिकवलं. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली आणि सावित्रीबाई शिकवू लागल्या. वाटेत अंगावर शेण-चिखल टाकणारे होते. त्या पिशवीत दुसरं लुगडं घेऊन निघायच्या आणि शाळेत पोचल्यावर बदलायच्या, ही आठवण तर आपण लहानपणापासून ऐकतो. १८६३ साली फुले पतीपत्नींनी विधवा बायकांसाठी बाळंतपणाची सोय केली. फसवल्या गेलेल्या बाईने जीव देऊ नये, बाळाचा जीव घेऊ नये म्हणून. अशाच एका विधवेचं मूल त्यांनी दत्तक घेतलं, यशवंत. तो पुढे डॉक्टर झाला. १८९० मध्ये जोतिराव गेले, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं हातात धरून सावित्रीबाई पुढे चालल्या. आजही ते बाईच्या हातात द्यायला लोक तयार नसतात. आणि १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला, तेव्हा आजाऱ्यांची सेवा करता करता १० मार्चला त्या स्वतः प्लेगने गेल्या.

हे सगळं पाठ्यपुस्तकात वाचलं की तारखा होतात. पण एक बाई नऊवारी नेसून आपल्यासमोर येते, आपल्याकडे बघते आणि ‘मी’ म्हणून सांगू लागते, तेव्हा बायका डोळ्याला पदर लावतात. सांगणाऱ्यापाशी मोठा पडदा नाही, राजवाडा नाही, दिव्यांचा लखलखाट नाही. एक लुगडं, एक गोष्ट, आणि ती सांगणारी बाई. त्यामुळे हे नाटक मोठ्या शहरातल्या थिएटरात जितकं होतं तितकंच गावातही होऊ शकतं. सुषमाताईंनी ते वर्षानुवर्षं गावोगावी, संस्थांमध्ये, महाविद्यालयांमध्ये केलं. मराठीत केलं, हिंदीत केलं, इंग्रजीत केलं. आणि पुढे स्वतःपाशी धरून न ठेवता तरुण अभिनेत्रींच्या हाती दिलं. आपण म्हणतो ना, गटाचं पुस्तक एकीच्याच पिशवीत राहिलं की गट मोडतो. नाटकाचंही तसंच असावं.

आता नाटकाच्या नावाकडे बघा. तीनच शब्द आहेत. ‘व्हय’, ‘मी’ आणि ‘सावित्रीबाई’. पुस्तकी मराठीत ‘होय’ म्हणतात. सुषमाताईंनी ‘होय’ लिहिलं नाही, ‘व्हय’ लिहिलं. घाटावरच्या बाईच्या तोंडातला शब्द. ज्या बाईने शाळा काढली, कविता लिहिल्या, जिचं ‘काव्यफुले’ हे पुस्तक १८५४ साली छापून आलं, तिच्या नाटकाचा पहिला शब्द गावाकडचा आहे.

हा आमच्या गटांतल्या बायकांसाठी फार मोठा मुद्दा आहे. आपल्या पनवेल-उरणच्या पट्ट्यात आगरी बोली घराघरात आहे. कातकरी वाड्यांवर कातकरी बोली आहे. कराडी आहे. पण बैठकीत उभं राहायची वेळ आली की बाई म्हणते, “मला शुद्ध बोलता येत नाही.” शुद्ध-अशुद्ध हे पाण्याचं असतं. आपल्या आईच्या तोंडून आलेली बोली गढूळ कशी असेल?

ही अडचण फक्त आपलीच आहे असंही नाही. युरोपात स्वित्झर्लंड नावाचा छोटा देश आहे. तिथल्या मोठ्या भागात शाळेत आणि वर्तमानपत्रात एक जर्मन भाषा आणि घरात, शेतात, बाजारात दुसरीच, प्रत्येक खोऱ्याची निराळी. तिथे असे लेखक आहेत जे या घरच्या बोलीत लिहितात आणि लोकांसमोर उभे राहून ते बोलून दाखवतात. त्याला ते ‘स्पोकन वर्ड’ म्हणतात, म्हणजे बोललेला शब्द. लोक तिकीट काढून ऐकायला जातात. त्यांना त्याचं नवल वाटतं, आणि आपल्याकडे हे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. कीर्तनकार एकटाच उभा राहतो आणि रात्र जागवतो. भारूड म्हणणारा एका दमात सासू होतो, सून होते, विंचूही होतो. लक्ष्मण देशपांड्यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या प्रयोगात एकट्याने अख्खं वऱ्हाड उभं केलं, तेही मराठवाड्याच्या बोलीत. आणि आपल्या आज्या? पहाटे जात्यावर बसून ओवी रचायच्या, माहेर, सासर, भाऊ, पाऊस, सगळं त्यात यायचं. फक्त त्यांना लेखिका कुणी म्हटलं नाही, कारण ऐकायला दुसरी दळणारी बाई सोडून कुणी नव्हतं.

बायकांनी नाटक घेऊन गावात जाण्याची वाट सुषमाताईंच्याही आधी पडली होती. ज्योती म्हापसेकर यांनी लिहिलेलं ‘मुलगी झाली हो’ हे नाटक स्त्री मुक्ती संघटनेने १९८३ साली आणलं. मुलगी जन्मल्यापासून तिच्या वाट्याला काय येतं ते गाण्यांतून, हसतखेळत दाखवणारं. त्याचे हजारो प्रयोग झाले, इतर भाषांतही ते गेलं. आपल्यातल्या काही वयस्क मैत्रिणींनी ते पाहिलं असेल. ते बायकांनी मिळून केलेलं होतं. सुषमाताईंनी दाखवलं की बारा जणी जमल्या नाहीत तरी अडत नाही, एकटीलाही उभं राहता येतं.

सुषमाताईंचं दुसरं मोठं काम तमाशातल्या बायकांवरचं आहे. त्या नाटकाचं नाव ‘तिच्या आईची गोष्ट अर्थात माझ्या आठवणींचा फड’. ते १९९५ च्या सुमाराचं. फडातल्या बायकांना भेटून, त्यांच्याजवळ बसून, त्यांची आयुष्यं ऐकून त्यांनी ते लिहिलं. तमाशातली बाई म्हटली की आपल्या मनात काय येतं ते प्रामाणिकपणे आठवा. आपण बायकासुद्धा नाक मुरडतो. पण तीही पहाटे उठते, पोरांची पोटं भरते, म्हाताऱ्या आईवडिलांना सांभाळते, भावांची लग्नं लावून देते. आणि तिच्या पोराला शाळेत घालायला गेलं की पहिला प्रश्न, बापाचं नाव काय? डॉक्टर किशोर काळे यांनी ‘कोल्हाट्याचं पोर’ या आत्मचरित्रात हेच दुःख लिहिलं आणि स्वतःच्या नावात आईचं नाव लावलं, किशोर शांताबाई काळे. तेव्हा ते धाडस होतं. आता महाराष्ट्र शासनाने नियमच केला आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदांवर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. गटातली कुणी बाळंतीण असेल तर जन्माचा दाखला काढताना हे तपासून घ्या. आईचं नाव कागदावर यायला किती जणींना किती वर्षं बोलावं लागलं, ते त्या एका ओळीत आहे.

या नाटकातून आम्ही एक गोष्ट शिकलो. बोलण्याच्या आधी ऐकणं येतं. गटाच्या बैठकीत आम्ही समन्वयक आलो की आधी बोलायला लागतो, दशसूत्री, व्याज, हप्ता, पंचसूत्री, लेखे. समोरची बाई ऐकते, मान हलवते आणि घरी जाते. तिच्या मनात काय होतं ते तिच्याबरोबरच घरी जातं. हा दोष आमचा आहे, आणि तो आम्ही इथे कबूल करतो.

तिसरं नाटक तर आपल्या कोकणचंच आहे. उर्मिला पवार यांचं आत्मचरित्र ‘आयदान’, २००३ साली आलेलं. आयदान म्हणजे बांबूची सुपं, रोवळ्या, टोपल्या. उर्मिलाताईंचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातला. त्यांची आई बांबूच्या पट्ट्या काढून टोपल्या विणायची आणि त्यावर घर चालायचं. उर्मिलाताई लिहितात ते जातीच्या चटक्यांचं, गरिबीचं, बाईपणाचं आणि पुढे शिकून, नोकरी करून, लेखिका होताना घरात सोसाव्या लागलेल्या गोष्टींचंही. आईच्या विणण्याशी त्यांनी आपल्या लिहिण्याचं नातं जोडलं. सुषमाताईंनी २०१४ च्या सुमारास हे रंगमंचावर आणलं. तीन अभिनेत्री आळीपाळीने एकाच बाईचं आयुष्य सांगतात. एक जण उर्मिला होते, तेवढ्यात दुसरी आई होते, तिसरी शेजारीण. टोपलीत तीन पट्ट्या एकीखालून एक जाव्यात तसं.

आपल्या तालुक्यातही बांबू विणणाऱ्या बायका आहेत. महोत्सवात त्यांचा स्टॉल लागला की गिऱ्हाईक टोपलीची किंमत विचारतं, घासाघीस करतं. टोपली विणताना बोटात किती कुसळं गेली, हे कोण विचारतं? विचारलं तर सांगायला केवढी गोष्ट आहे तिच्यापाशी!

सुषमाताईंनी संत कवयित्रींवरही नाटक केलं, ‘बया दार उघड’. जनाबाई दळण दळत होती, सोयराबाई चोखोबांची बायको होती, बहिणाबाईने संसारात मार खाल्ला होता. आपल्यासारख्याच घरातल्या, कामातल्या बायका. त्यांनी देवाशी जे भांडण केलं, त्याला आपण आज अभंग म्हणतो. आणि २०१७ साली आलेल्या ‘अज्जी’ या हिंदी चित्रपटात सुषमाताईंनी एका गरीब म्हाताऱ्या आजीचं काम केलं. नातीवर अत्याचार होतो, न्याय मिळत नाही, तेव्हा ही पाठीत वाकलेली आजी उभी राहते. चित्रपट बघवत नाही इतका कठोर आहे. पण त्यातही मुख्य आहे ती एक म्हातारी, जिला कुणी गणतीत धरत नव्हतं.

सगळ्या कामांतून एकच धागा जातो. जिच्याबद्दल दुसरे बोलतात, तिला स्वतः बोलू द्या. हा धागा आपल्या गावात कसा आला, ते आता सांगतो.

दोन वर्षांपूर्वी आम्ही ठरवलं की ३ जानेवारीला भाषणं नकोत. प्रत्येक गटातून एकीने उभं राहायचं आणि दहा मिनिटं स्वतःची गोष्ट सांगायची. सुरुवात एकाच वाक्याने करायची, ‘व्हय, मी’ आणि पुढे स्वतःचं नाव. जिची जी बोली, त्या बोलीत. आगरी असेल तर आगरीत. एका गावातल्या आमच्या मावशी आहेत, वय साठीच्या आसपास. पहाटेच्या गाडीने पनवेलच्या बाजारात येतात, शेवग्याच्या शेंगा आणि पालेभाजी विकतात. त्यांना विचारलं तर हात झटकून म्हणाल्या, “मना बोलाला येत नाय, बाय.” आम्ही म्हटलं, मावशी, बाजारात गिऱ्हाइकाला एक रुपया कमी करू देत नाही तुम्ही! त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं. “यो बाजार हाय, ती सभा हाय.”

मग आम्ही त्यांना बोलायला सांगितलंच नाही. तीन दुपारी त्यांच्या ओटीवर जाऊन बसलो. त्या भाजीच्या जुड्या बांधत होत्या, आम्हीही बांधू लागलो. आणि बोलता बोलता त्यांनी तीन विहिरींची गोष्ट सांगितली. लग्न होऊन आल्या तेव्हा खाजणाकाठी एक विहीर होती, तिचं पाणी मचूळ, डाळ शिजायची नाही. सासूने दुसरी विहीर दाखवली, डोंगराच्या बाजूची, गोड पाण्याची. ती पुढे रस्त्याच्या भरावात गेली. तिसरी आहे, पण मार्चनंतर तळ दिसतो. पहिल्या विहिरीवर मोठा मुलगा पोटात होता, दुसरीवर धाकटी, तिसरीवर आता नात येते हंडा घेऊन. म्हणजे एका बाईचं सगळं आयुष्य तीन विहिरींत मावलं होतं. आम्ही म्हटलं, मावशी, हेच सांगा. यात एक शब्द बदलू नका.

३ जानेवारीला देवळाच्या मंडपात त्या उभ्या राहिल्या. पदर कमरेला खोचला आणि ‘व्हय, मी’ म्हणून नाव घेतलं. पहिली दोन मिनिटं आवाज कापत होता. मग दुसऱ्या विहिरीवर आल्या आणि मंडप गप्प झाला, कारण तिथे बसलेल्या प्रत्येकीने त्या विहिरीचं पाणी प्यायलं होतं.

गोष्ट इथे संपली असती तर आम्ही टाळ्या वाजवून घरी गेलो असतो. पण पुढे २६ जानेवारी होती. तुम्हाला ठाऊकच आहे, ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी असा नियम आहे. त्या गावात ती कशी व्हायची? वही घरोघरी फिरायची, बायका दारातच सही करायच्या, झाली महिला सभा. त्या वर्षी मावशींनी वही घेऊन आलेल्या माणसाला सांगितलं, सही सभेत करीन. एकीने नाही म्हटलं, मग शेजारणीने, मग आळीने. शेवटी सभा बोलवावी लागली. मावशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी तीन विहिरींची गोष्ट जशीच्या तशी सांगितली. त्या कुणावर रागावल्या नाहीत, कुणाला नावं ठेवली नाहीत. शेवटी एवढंच म्हणाल्या की चौथी विहीर कुठे दाखवू नातीला? इतिवृत्तात आधी लिहिलं होतं, ‘पाणीपुरवठ्यावर चर्चा झाली.’ बायकांनी ते वाचून दाखवायला लावलं आणि बदलायला लावलं. कोण बोललं, काय मागितलं, ते नावासकट लिहून घेतलं.

खरं सांगायचं तर नळ अजून आलेला नाही. ठराव झाला, कागद पुढे गेला, पुन्हा विचारायला जावं लागतं. आम्ही जातो. गोष्ट सांगितली की लगेच पाणी येतं, असं सांगून आम्ही तुम्हाला फसवणार नाही. पण ती वही आता घरोघरी फिरत नाही. पुढच्या महिला सभेला अंगणवाडीच्या ओट्यावर बसायला जागा पुरली नाही.

आणखी एक गोष्ट मनात आहे. आपल्या तालुक्यात विमानतळ झाला. त्यासाठी कोपर, कोल्ही, चिंचपाडा, तरघर, कोंबडभुजे, उलवे अशी गावंच्या गावं उठली. घरं पाडली, नवी घरं दुसरीकडे उभी राहिली, पुष्पकनगरसारख्या नव्या वसाहतींत. जमीन किती गेली, भूखंड किती मिळाला, याचे कागद आहेत. पण देवळाचा पार, भातशेती, मिठागरं, खाडीतली मासळी, माळ्यावर ठेवलेली आजीची उखळ, चुलीची जागा, हे कुठल्या कागदात आहे? ते फक्त तिथल्या बायकांच्या तोंडात आहे. त्या बायका आता वयाला आल्या आहेत. सुषमाताईंनी तमाशाच्या बायकांजवळ बसून ऐकलं नसतं, तर त्या गोष्टी त्यांच्याबरोबरच गेल्या असत्या. आपणही बसून ऐकलं नाही, तर आपल्या आज्यांबरोबर अख्खी गावं दुसऱ्यांदा उठतील. आणि तेव्हा त्याची भरपाईही मिळणार नाही.

म्हणून मैत्रिणींनो, एक काम सांगतो. पैसे लागत नाहीत. पुढच्या मासिक बैठकीत बचत गोळा झाली, हप्ते लिहून झाले की पंधरा मिनिटं राखून ठेवा. गटातली सगळ्यात कमी बोलणारी जी आहे, तिच्या घरी आधी दोन जणी जा. हातात काम घेऊन बसा, विचारू नका, फक्त ऐका. तिच्या बोलण्यात एखादी वस्तू पुन्हा पुन्हा येईल. कुणाची विहीर असेल, कुणाचं जातं, कुणाचं पोराचं दप्तर, कुणाचं गहाण पडलेलं मंगळसूत्र. ती वस्तू धरून गोष्ट सांगायला सांगा. भाषा सुधारू नका. घरातली जी गोष्ट तिला बाहेर सांगायची नाही, ती आपण बाहेर काढायची नाही आणि तिच्या परवानगीशिवाय मोबाइलवर काही टिपायचं नाही. बैठकीत ती बोलत असताना कुणी मध्ये ‘माझंही असंच झालं’ म्हणून तोंड घालू नका. आपली पाळी पुढच्या महिन्यात येणारच आहे.

आणि सुरुवात ठरलेली. आधी ‘व्हय’, मग ‘मी’, मग नाव. सावित्रीबाईंचं नाव लोकांसमोर असं मोठ्याने घ्यायला १९८९ सालात एक बाई उभी राहिली. आपलं घ्यायला दुसरी कोण येणार आहे?

हे ऐकताना हातातली भाजी निवडून झाली असेल. आता एक करा. घरात कुणी नसेल तर आत्ताच, असेल तरीही, मोठ्याने स्वतःचं नाव घ्या. ‘व्हय’ म्हणून. ऐकायला आम्ही इकडे आहोतच.

नमस्कार.